वर्षभर फुले देणारा वाफा कसा आखावा

घरापुढे दहा-बारा फूट मोकळी जागा असली, की बहुतेक जण आधी रोपवाटिका गाठतात. डिसेंबरात तिथे पिटुनिया, डायन्थस, शेवंती ऐन बहरात असतात. पाच-सात पिशव्या घरी येतात, जिथे जागा दिसेल तिथे लागतात आणि मार्चच्या उन्हात वाफा उजाड होतो. रोपे वाईट नसतात. त्यांचा हंगाम संपत आलेला असतो आणि जागा त्यांच्यासाठी निवडलेलीच नसते. वाफा कुठे करायचा हे डिसेंबरातली सावली आणि जुलैतले पाणी ठरवते. त्यात काय लावायचे हे पंचांग ठरवते. रोपवाटिकेचा नंबर या दोहोंनंतर येतो.

खालची सगळी मापे १० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा एका वाफ्याची आहेत. हवामान देशावरचे, म्हणजे पुणे, सातारा, नाशिक, सांगलीकडचे धरले आहे. कोकणात आणि विदर्भात काय बदलायचे ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

आधी सावली मोजा

आपल्याकडे सूर्य वर्षभर एका बाजूने जात नाही. पुणे-मुंबईकडे साधारण मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस तो भर दुपारी थेट डोक्यावर असतो. या दोन तारखांच्या मधे तो दुपारी किंचित उत्तरेला झुकतो. डिसेंबरात मात्र तो इतका दक्षिणेला जातो, की पुण्यात दुपारी बारा-साडेबारालाही भिंतीची सावली तिच्या उंचीच्या जवळजवळ नऊ-दशांश लांब पडते. १० फुटी भिंतीची सावली ९ फूट, ६ फुटी कुंपणाची साडेपाच फूट. नागपुरात ती जवळपास भिंतीएवढीच होते.

म्हणून घराच्या उत्तरेची जागा फसवी असते. मे महिन्यात तिथे लख्ख ऊन दिसते, वाफा आखला जातो, आणि ज्या हिवाळ्यासाठी सगळी तयारी केली त्या हिवाळ्यात तिथे दिवसभर ऊन पोचत नाही. अॅस्टर उंच, लुळे होतात आणि कळ्या मोजक्याच धरतात.

सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता सावलीची कड रांगोळीने जमिनीवर आखा. डिसेंबरात हे केले तर उत्तमच. इतर महिन्यांत आखणी करत असाल तर दक्षिणेकडची भिंत किंवा झाड किती उंच आहे ते पाहून वरच्या हिशोबाने डिसेंबरची रेघ मारा. रोज ६ तास ऊन मिळणारी जागा झेंडू, निशिगंध, गुलाब, झिनिया, शेवंती यांची. ३-४ तास सकाळचे ऊन आणि पुढे सावली असेल तर अबोली, अनंत, सोनटक्का, तेरडा. त्याहून कमी ऊन असेल तर फुलांचा हट्ट सोडा आणि तिथे शोभेच्या पानांची झाडे लावा.

मग पाणी आणि माती

वाफ्याच्या जागी एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला निदान इंचभर पाणी उतरले पाहिजे. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसले, तर सपाट वाफा करूच नका. पावसाळ्यात शेवंती आणि निशिगंध मुळांशी कुजतील. पाने सुकलेली दिसतात म्हणून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेसुरले झाडही जाते.

खड्डा घेताना आतून काय निघते तेही पाहा. नव्या बांधकामाच्या आवारात वरच्या चार इंच मातीखाली मुरूम, विटांचे तुकडे आणि वाळलेले सिमेंट असते. हा राडारोडा फूटभर खोलीपर्यंत काढावाच लागतो, त्याला पळवाट नाही. सिमेंटचा चुना मुळाशी राहिला तर कितीही खत घाला, झाड पिवळे पडते.

काळ्या मातीत वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. थोडी वाळू घातली तर उलट माती वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. चिकण माती मोकळी करायची ती कुजलेल्या खताने. आपल्या ४० चौरस फुटांच्या वाफ्यावर २ इंचाचा थर द्यायचा तर दहा लिटरच्या बादलीने १९ बादल्या शेणखत किंवा घरचे कंपोस्ट लागते. आकडा मोठा वाटतो, पण पहिल्याच वर्षी एवढे घातले की पुढे दरवर्षी सहा-सात बादल्या पुरतात. सोबत अर्धा किलो निंबोळी पेंड घाला. भाताचे तूस मिळाले तर तेही चार-पाच बादल्या घाला, त्याने माती बराच काळ भुसभुशीत राहते.

शेणखत पुरते कुजलेले हवे. मुठीत घेऊन पाहा: काळपट, भुसभुशीत, जंगलातल्या मातीसारखा वास, आणि हाताला कोमट लागत नसेल तर ते तयार आहे. शेणाचा वास येत असेल, गोवरीचे तुकडे ओळखू येत असतील, तर त्यातून हुमणी वाफ्यात येईल. ही पांढरट, अर्धगोल वळलेली, तपकिरी डोक्याची अळी मुळे खाते. झाड एका दिवसात माना टाकते आणि ओढले की अलगद हातात येते. अर्धवट खत घ्यावेच लागले तर चाळून, उन्हात पसरून अळ्या वेचून काढा.

मातीची खणणी एप्रिल-मेमध्ये करा. फूटभर खोल खणून ढेकळे पंधरा दिवस उन्हात तापू द्या. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या मुळ्या हाताने वेचा. लव्हाळा नुसता वरून उपटला तर पावसात दुप्पट जोमाने येतो, गाठ निघालीच पाहिजे. मग खत मिसळा आणि वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ८-९ इंच उंच करा. लागणारी जादा माती पायवाटेची ६ इंच माती उचलून मिळते, आणि खोल झालेली पायवाट पावसाचे पाणी वाहून नेते.

कोकणात उंची फूट-सव्वा फूट ठेवा आणि कडेला चिरे लावा, नाहीतर पहिल्या आठवड्याच्या पावसात वाफ्याची कड वाहून जाते. तिथली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, तिला थोडा चुना मानवतो. देशावरच्या चुनखडीच्या मातीत मात्र चुना नको आणि चुलीतली राखही नको. राखेने माती आणखी अल्कधर्मी होते, झाडाला लोह मिळेनासे होते, आणि कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असे चित्र दिसते. असे झाले तर लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम हिराकस आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा.

मापे आणि मांडणी

माणसाचा हात वाकून आरामात दोन-अडीच फूट पोचतो. म्हणून दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर वाफा ४ फुटांपेक्षा रुंद नको, एकाच बाजूने जाता येत असेल तर अडीच फूट पुरे. याहून रुंद केलात तर फुले काढताना वाफ्यात पाय पडणार, माती दबणार आणि काळी माती एकदा ओली असताना दबली की हंगामभर मोकळी होत नाही. भिंत आणि वाफा यांत दीड फूट फट ठेवा. छाटणीला जागा राहते, भिंतीला ओल लागत नाही.

उंच झाडे वाफ्याच्या उत्तर कडेला, बुटकी दक्षिणेला. हे उलटे झाले तर हिवाळ्यात जास्वंदीची सावली पुढच्या सगळ्या हंगामी फुलांवर पडते.

आपल्या वाफ्याच्या मागच्या पावणेदोन फुटांच्या पट्ट्यात तीन कायमची झाडे पुरतात: दोन जास्वंदी आणि मधे एक तगर, साडेतीन-साडेतीन फुटांवर. रोपे लहान असताना हे अंतर ओकेबोके दिसते आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. मधे आणखी दोन घुसवली जातात, तिसऱ्या वर्षी सगळ्यांच्या फांद्या एकमेकांत अडकतात, हवा खेळत नाही आणि पिठ्या ढेकूण ठाण मांडतो. पहिली दोन वर्षे मोकळ्या जागेत हिवाळ्यात कोथिंबीर टाका. ती ४०-४५ दिवसांत उपटून स्वयंपाकघरात जाते आणि जागाही झाकते.

जास्वंद आणि तगर निवडण्याचे कारण रोजची पूजा. लाल जास्वंद, पांढरी तगर आणि कडेची सदाफुली, एवढ्यांवर देवापुढची ओंजळ बहुतेक दिवस भरते. जास्वंदीला फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस फांद्या एकतृतीयांश छाटा. न छाटलेली जास्वंद उंच वाढत जाते आणि फुले हाताला न लागणाऱ्या शेंड्यांवर लागतात. कळ्या उमलण्याआधीच गळत असतील तर तीन गोष्टी तपासा: पाणी कधी भरपूर कधी अजिबात नाही असे होते का, ऊन कमी पडते का, आणि देठांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके आहेत का. पुंजके असतील तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारा.

कण्हेर आणि बिट्टी दिसायला देखण्या, पण दोन्ही विषारी आहेत. घरात रांगते मूल किंवा दारात गुरे असतील तर त्यांना या वाफ्यात जागा नको.

पुढच्या सव्वादोन फुटांत दोन ओळी बसतात. मधली ओळ हंगामी फुलांची, एक-एक फुटावर ८ रोपे. कडेची ओळ सदाफुली, ऑफिस टाइम किंवा पावसाळी लिलीची. एका टोकाला, जिथे ऊन सर्वांत जास्त, तिथे दोन फूट जागा निशिगंधासाठी राखून ठेवा. त्याचे कंद मार्च-एप्रिलमध्ये लावा: सुपारीहून मोठे निवडा, २-३ इंच खोल, ८ इंचांवर, १२ ते १५ कंद. कोंब फुटेपर्यंत पाणी बेताचे द्या. लावणीपासून तीन-साडेतीन महिन्यांत दांडे येतात. बारीक कंद लावले तर पहिल्या वर्षी नुसती पात येते, दांडा येत नाही, आणि विकणाऱ्याला बोल लावला जातो.

निशिगंध आणि मोगरा यांचा वास संध्याकाळनंतर खुलतो. उन्हाळ्यात देशावर संध्याकाळचा वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. पश्चिमेच्या खिडकीखाली मोगरा असला की वास घरभर येतो. मोगरा या वाफ्यात मिसळू नका. त्याला डिसेंबरात पाण्याचा ताण द्यावा लागतो आणि शेजारच्या अॅस्टरला तेव्हाच पाणी हवे असते. त्याला वेगळे आळे करा. डिसेंबरच्या मध्यावर पाणी तोडा, दहा-पंधरा दिवसांनी झाड निम्म्यावर छाटा, पाने काढा, खत घालून पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या दिसू लागतात.

मधल्या ओळीचे पंचांग

या आठ रोपांची जागा वर्षातून तीनदा भरायची असते. आधीचे फूल संपायच्या महिनाभर आधी पुढच्याचे बी ट्रेमध्ये पडलेले असेल, तरच वाफा रिकामा राहत नाही. एवढी एक सवय लागली की अर्धी बाग जिंकली.

जूनच्या पहिल्या पावसावर तेरडा थेट वाफ्यात टाका. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतात ते एकेका फुलाबद्दल. झाड दीड-दोन महिन्यांत फुलू लागते आणि गौरी-गणपतीला ऐन भरात असते. कोंबडाही याच वेळी पेरता येतो.

तेरड्याऐवजी दसऱ्याचा झेंडू हवा असेल तर त्याचा हिशोब मागून मोजा. मोठ्या फुलांच्या झेंडूला बी पडल्यापासून पहिले फूल यायला साधारण ८०-८५ दिवस लागतात, आणि झाड भरायला आणखी आठवडाभर. म्हणजे दसरा २० ऑक्टोबरला येत असेल तर बी २० जुलैच्या आसपास पडले पाहिजे. कोकोपीट आणि गांडूळखत निम्मे-निम्मे घेऊन ट्रे भरा, बी पाव इंच खोल टाका, ट्रे पावसाच्या थेट माऱ्यापासून आडोशाला पण उजेडात ठेवा. पाच-सहा दिवसांत रोपे वर येतात. ती मातीलगत धाग्यासारखी बारीक होऊन आडवी पडू लागली, तर ती रोपमर आहे. कारण जवळजवळ नेहमी एकच, दाट पेरणी आणि जादा पाणी. पाणी फक्त सकाळी द्या, वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नका.

पंचवीस दिवसांनी, चार-पाच पाने झाली की संध्याकाळी वाफ्यात लावा. मोठ्या झेंडूला दीड फूट अंतर द्या, म्हणजे मधल्या ओळीत आठऐवजी पाचच रोपे. बुटक्या मखमली झेंडूला एक फूट पुरते. लावणीनंतर वीस-पंचवीस दिवसांनी शेंडा खुडा: वरची दोन पाने आणि त्यांच्यामधला कोंब, नखाने. पहिली कळी दिसली असेल तर तीही जाऊ द्या. झाड खालून पाच-सहा फांद्या काढते आणि एका फुलाऐवजी पंचवीस-तीस फुले देते. पण खुडणी उशिरा केली तर फुले दसरा उलटून येतात. सप्टेंबरच्या मध्यानंतर शेंड्याला हात लावू नका.

झेंडू हिरवागार, कमरेएवढा आणि बिनफुलांचा झाला, तर त्याला युरिया किंवा ओले शेण जास्त झालेले असते. खत थांबवा, पाणी थोडे कमी करा.

कोकणात ऑगस्टची लावणी पावसाने झोडपली जाते. तिथे झेंडूची रोपे आडोशाला वाढवून पावसाचा जोर ओसरल्यावरच वाफ्यात न्या. फुले दसरा चुकवतील, दिवाळी गाठतील.

हिवाळी फुलांचे बी सप्टेंबरच्या अखेरीस ट्रेमध्ये टाका: अॅस्टर, पिटुनिया, डायन्थस, फ्लॉक्स. अॅस्टरमध्ये पुण्याच्या गणेशखिंड संशोधन केंद्रावर तयार झालेले ‘फुले गणेश व्हाईट’, ‘फुले गणेश पिंक’, ‘फुले गणेश पर्पल’ हे वाण आपल्या हवेला पारखलेले आहेत, ते मिळाले तर तेच घ्या. अॅस्टरचे बी जुने झाले की उगवत नाही, गेल्या वर्षीची पुडी वापरू नका. पिटुनियाचे बी धुळीसारखे बारीक असते. ते मातीवर नुसते पसरा, वरून माती टाकू नका आणि पाणी खालून, ट्रे परातीत ठेवून द्या.

उन्हाळ्यासाठी जानेवारीच्या अखेरीपासून झिनिया आणि गलांडा पेरा. दोन्ही उन्हाला भीत नाहीत. विदर्भात एप्रिल-मेमध्ये यांच्यावरही दुपारपुरते ५० टक्के सावलीचे हिरवे जाळे लागते. झिनियाच्या पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी: रोपे दाट झाली आहेत किंवा पाणी पानांवर पडते आहे.

शेवंतीचा उजेड

शेवंतीला मोठ्या, अखंड रात्री लागतात. दिवस लहान होऊ लागले की ती कळी धरते. रस्त्यावरचा दिवा किंवा फाटकावरचा बल्ब रात्रभर तिच्यावर पडत असेल, तर तिला रात्र झाल्याचे कळतच नाही. झाड निरोगी, पाने दाट, आणि नोव्हेंबर उलटला तरी कळीचा पत्ता नाही, असे असेल तर खत बदलण्याआधी रात्री बाहेर जाऊन पाहा. पानांवर वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड असेल तर कुंडी हलवा. वाफ्यातली असेल तर दिव्याला आडोसा करा.

लावणी एप्रिल-मेमध्ये, जुन्या झाडाच्या मुळांजवळून फुटलेल्या काश्यांपासून. लावल्यावर महिन्याने शेंडा खुडा, जुलैअखेर पुन्हा एकदा. ऑगस्टअखेर खुडणी बंद. हिवाळ्यात कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा येतो. सुरुवातीला बोटांनी चिरडला तरी भागते, पसरला तर निंबोळी तेल. फुले संपली की जानेवारीत झाड ४-५ इंचांवर कापा, उपटू नका. पुढच्या वर्षीच्या काश्या तिथूनच येतात.

पाणी, आच्छादन, गोगलगायी

उन्हाळ्यात या वाफ्याला रोज सुमारे १८ ते २० लिटर पाणी लागते, हिवाळ्यात तेवढेच दोन-तीन दिवसांआड. एक फुटावर छिद्रे असलेल्या ठिबकच्या दहा-दहा फुटी दोन नळ्या टाकल्या तर २० तोट्या होतात. तोटी तासाला २ लिटरची असेल तर अर्धा तास नळ सोडला की २० लिटर झाले. वरून झारीने भिजवण्यापेक्षा हे चांगले, पाने कोरडी राहतात. बोट दोन इंच खोल घालून माती ओलसर लागली तर त्या दिवशी पाणी नको, घड्याळ काहीही सांगो.

फेब्रुवारीत वाळलेल्या पानांचा २ इंच थर पसरा, खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडून. पाने जाळू नका. पावसाळ्याच्या तोंडाला हा थर मात्र बाजूला काढून कंपोस्टमध्ये टाका, कारण शंखी गोगलगायी त्याखालीच लपतात. एका रात्रीत त्या झेंडूची सगळी रोपे देठापर्यंत खातात. संध्याकाळी वाफ्याशेजारी गूळपाण्यात भिजवलेले गोणपाट अंथरा, पहाटे उचला. खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ थेट वाफ्यात टाकू नका, माती बिघडते. जून-जुलैत हे सलग आठ-दहा दिवस करावे लागते. मातीत वाटाण्याएवढी पिवळसर पांढरी अंडी पुंजक्याने दिसली, तर तीही त्याच बादलीत टाका.